नजर, अजमास आणि निकाल : महसुली निर्णयातील अंतःप्रज्ञेचा इतिहास

१. प्रश्नाची मांडणी

कार्यालयीन निर्णयप्रक्रियेचा इतिहास बहुधा नियम, नोंदवह्या आणि अधिकारश्रेणी यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. ते स्वाभाविकही आहे, कारण दप्तरात टिकून राहते ते एवढेच. निर्णय घेणाऱ्याने समोरची वस्तू पाहून क्षणार्धात जे ओळखले, आणि जे का ओळखले हे कदाचित त्याला स्वतःलाही सांगता आले नसते, त्याची नोंद दप्तरात होत नाही. नोंद होते ती त्या ओळखीतून निघालेल्या आकड्याची किंवा हुकुमाची. चेस्टर बर्नार्ड यांनी १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द फंक्शन्स ऑफ द एक्झिक्युटिव्ह’ या ग्रंथाच्या परिशिष्टात, तर्काच्या पायऱ्यांनी मांडता न येणाऱ्या मनोव्यापारांना कारभारात मोठे स्थान असते, असे आग्रहाने प्रतिपादन केले. पुढे हर्बर्ट सायमन यांनी अंतःप्रज्ञेवरील गूढतेचे वलय दूर करून ती दीर्घ अनुभवातून सिद्ध झालेली ओळख असते, अशी भूमिका घेतली. डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन हे या विषयात एकमेकांच्या विरुद्ध बाजूंचे मानले जाणारे अभ्यासक. २००९ सालच्या संयुक्त निबंधात ते दोन अटींवर सहमत झाले : अंतःप्रज्ञा विश्वसनीय ठरण्यासाठी परिस्थितीत पुरेशी नियमितता हवी, आणि आपला अंदाज खरा ठरला की खोटा हे जाणकाराला वेळोवेळी कळण्याची सोय हवी.

या विवेचनातील उदाहरणे प्रामुख्याने कारखानदार, बुद्धिबळपटू, अग्निशमन दलाचे अधिकारी यांची आहेत. भारतीय कारभाराच्या इतिहासात मात्र या प्रश्नाचे फार जुने आणि फार व्यापक असे एक उदाहरण आहे. ते म्हणजे शेतात उभ्या असलेल्या पिकाकडे पाहून ते ‘किती आणे’ आहे हे ठरवण्याची पद्धत, म्हणजेच आणेवारी. या एका अंदाजावर सारा वसूल होणार की तहकूब होणार, सूट मिळणार की जप्ती येणार, हे अवलंबून असे. प्रस्तुत निबंधात या पद्धतीचा इतिहास अंतःप्रज्ञेच्या अंगाने तपासावयाचा आहे. नजरेच्या जागी क्रमाक्रमाने गणित आले, असा या इतिहासाचा अर्थ सामान्यतः लावला जातो. वस्तुतः नजर कधीच हद्दपार झाली नाही. वाद झाला तो कोणाची नजर पुरावा म्हणून ग्राह्य धरावी आणि तिला आव्हान कोणी द्यावे, याविषयी.

२. शब्दांची साक्ष

अनुभवी माणसाच्या न सांगता येणाऱ्या ज्ञानाचा विचार भारतीय परंपरेला अपरिचित नव्हता. ‘प्रतिभा’ ही संज्ञा साहित्याच्या अभ्यासकाला काव्यशास्त्रातून परिचित असते. परंतु तिचे क्षेत्र मुळात काव्यापुरते मर्यादित नाही. वैशेषिक परंपरेत प्रशस्तपादाने प्रातिभ ज्ञानाचा विचार करताना, आपला भाऊ उद्या येणार असे आपले हृदय सांगते असे म्हणणाऱ्या मुलीचे साधे, घरगुती उदाहरण घेतले आहे. भर्तृहरीचा विचार प्रस्तुत विषयाला त्याहून जवळचा आहे. ‘वाक्यपदीया’च्या पहिल्या कांडात तो रत्ने व नाणी पारखणाऱ्या जाणकारांचा दाखला देतो. त्यांचे ज्ञान अनुमानाने आलेले नसते, केवळ अभ्यासाने, म्हणजे पुनःपुन्हा केलेल्या सरावाने आलेले असते, आणि ते दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही, असे तो म्हणतो. सायमन यांनी विसाव्या शतकात जे म्हटले त्याच्याशी या विचाराचे साम्य उघड आहे. परंतु ‘दुसऱ्याला सांगता येत नाही’ ही जी पुस्ती भर्तृहरीने जोडली, तिच्यातच कारभाराची खरी अडचण आहे. पारख्याने सांगितले नाही तरी चालते. अधिकाऱ्याला सांगावे लागते, कारण त्याच्या ओळखीचे ओझे दुसऱ्याने वाहावयाचे असते.

मराठी कारभाराने पारख्याला पदही दिले होते. गावातील किंवा खजिन्यातील नाणी पारखणारा पोतदार हा त्या व्यवस्थेचा मान्य घटक होता. त्याची पारख नाण्यापुरती होती आणि तेच नाणे पुढच्या बाजारात पुन्हा पारखले जाई. त्यामुळे त्याच्या नजरेची कसोटी आपोआप लागत राही. उभ्या पिकाची गोष्ट निराळी होती. पीक एकदा कापले, खळ्यावरून घरी गेले की अधिकाऱ्याचा अंदाज बरोबर होता की चूक, हे सिद्ध करणारी वस्तूच नाहीशी होई.

अंदाजासाठी मराठीत जे शब्द रूढ झाले, त्यांपैकी बरेच दप्तराच्या मार्गाने आले आहेत. ‘अंदाज’ फारसीतून आला. ‘कयास’ मूळ अरबी. इस्लामी धर्मशास्त्रात ज्ञात दाखल्यावरून नव्या प्रकरणाचा निर्णय करण्याच्या शिस्तबद्ध पद्धतीला ‘कियास’ म्हणतात. मराठीत येता येता त्या शब्दातील शास्त्र गळाले आणि तर्क तेवढा उरला. ‘अजमास’ या शब्दाचा प्रवास याच्या नेमका उलट झाला. बोलण्यात त्याचा अर्थ ढोबळ अंदाज एवढाच. परंतु पेशवाईच्या कारभारात ‘अजमास’ म्हणजे महालाच्या जमाखर्चाचा लेखी पूर्वअंदाज, म्हणजे एक अधिकृत कागद. ‘बेहेडा’ हा त्याच कुळातील दुसरा कागद. मनातला अदमास आणि कागदावरचा आकार यांना एकच शब्द असावा, ही गोष्ट केवळ भाषिक योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. दप्तराला नजरेची लाज नव्हती. नजर जमाखर्चात मांडण्याची रीत मात्र त्याने घालून दिली होती.

३. कणकूत ते प्रतबंदी

अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त साऱ्याच्या निश्चितीच्या ज्या पद्धती नोंदवल्या आहेत, त्यांत ‘कणकूत’ ही एक आहे. कण म्हणजे धान्य आणि कूत म्हणजे अंदाज, अशी फोडही तेथे दिलेली आहे. जमीन मोजावी, उभे पीक पाहून त्याचा अंदाज करावा, आणि शंका आलीच तर चांगले, मध्यम व हलके अशा तीन प्रतींचे पीक कापून पाहावे, असा तो विधी. तोडरमलाच्या नावाशी जोडलेली, दहा वर्षांच्या सरासरीवर आधारलेली १५८० ची दहसाला पद्धत ही मोगल कारभारातील गणिती शिस्तीचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितली जाते. पण त्याच कारभाराने अनुभवी नजरेलाही जागा ठेवली होती आणि नजरेवर शंका घेण्याचा मार्गही सांगून ठेवला होता, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. नजर आणि कापणी यांचा जो संबंध विसाव्या शतकात नव्याने जुळवावा लागला, त्याचे बीज येथे दिसते.

शिवकालीन धाऱ्याचे वर्णन सभासदाच्या बखरीत, म्हणजे सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात लिहिलेल्या ग्रंथात, येते. पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्यांचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चावर, असे मोजणीचे तपशील त्यात काटेकोर आहेत. पिकाचा आकार करून पाच हिश्शांपैकी तीन रयतेला व दोन सरकारला, हेही स्पष्ट आहे. जमीन काठीने मोजता येई, हिस्सा हिशेबाने काढता येई. परंतु या दोन निश्चित गोष्टींच्या मध्ये असलेला ‘आकार’ काठीने मोजता येत नव्हता. तो पाहूनच करावा लागे.

इंग्रजी अमलाच्या प्रारंभी हा मधला भाग पूर्णपणे गणिताच्या ताब्यात देण्याचा एक मोठा प्रयत्न झाला. पुण्याचे सहायक जिल्हाधिकारी रॉबर्ट कीथ प्रिंगल यांनी १८२७ पासून केलेल्या पाहणीमागे रिकार्डोचा खंडविषयक सिद्धान्त होता. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न काढावे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करावा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा आकारावा, अशी त्यांची योजना होती. एरिक स्टोक्स यांनी ‘द इंग्लिश युटिलिटेरियन्स अँड इंडिया’ (१९५९) या ग्रंथात या प्रयोगाची चिकित्सा केली आहे. सिद्धान्त निर्दोष होता. त्यात भरलेले आकडे मात्र सदोष मोजणीतून आणि ज्यांच्यावर देखरेख ठेवता येत नव्हती अशा हाताखालच्या माणसांच्या सांगण्यावरून आलेले होते. सारा जड झाला आणि काही वर्षांतच ती व्यवस्था कोसळली.

त्यानंतर इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून जी पद्धत उभी केली आणि जी १८४७ च्या संयुक्त अहवालात सूत्रबद्ध झाली, ती या अपयशातून शिकलेली होती. शेताचे लहान भाग पाडावेत. प्रत्येक भागात मातीचा रंग व पोत, तिची खोली आणि तिचे दोष पाहावेत. त्यावरून जमिनीची प्रत ठरवावी. पावणेदोन हात खोल, बारीक पोताची काळी जमीन सोळा आण्यांची. तेथून उतरत उतरत दोन आण्यांपर्यंत नऊ प्रती. चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, पाणी साचणे अशा सात दोषांसाठी खुणा ठरवल्या होत्या, आणि प्रत्येक दोषागणिक प्रत खाली जाई. प्रतबंदी करणाऱ्या कारकुनाने शेतात उभे राहून जे ओळखावयाचे, ते येथे प्रथमच खुणांच्या लिपीत उतरले. मोहोर ठरवलेली असल्यामुळे त्याच्या कामाचा परताळा दुसऱ्याला घेता येऊ लागला. भर्तृहरीने जे ‘सांगता येत नाही’ म्हटले, ते निदान अंशतः सांगण्याजोगे करण्याचा हा प्रयत्न होता.

मात्र याच पद्धतीत एक जागा खुणांच्या बाहेर राहिली. गावांच्या गटाचा कमाल दर किती असावा, हे अधीक्षक हवामान, बाजाराची जवळीक, लागवडीची स्थिती आणि मागील वसुलीचा इतिहास ध्यानात घेऊन ठरवी. त्यासाठी सूत्र नव्हते. म्हणजे कनिष्ठ कारकुनाची नजर तपासणीखाली आली आणि वरिष्ठ अधिकाऱ्याची नजर ‘विवेक’ या प्रतिष्ठित नावाने मोकळी राहिली. आणेवारीच्या पुढील इतिहासातील संघर्षाचे मूळ या विषम वाटणीत आहे.

या विषमतेची जाणीव समकालीन लेखनात उमटली. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात दर तीस वर्षांनी होणाऱ्या पैमाषीच्या निमित्ताने वाढणाऱ्या साऱ्यावर आणि सरकारी खात्यांतील भटकामगारांवर व सुखासीन गोऱ्या अधिकाऱ्यांवर प्रखर टीका केली. त्या टीकेचा आशय ज्ञानमीमांसेच्या परिभाषेत मांडावयाचा तर असा : ज्याचे पीक पाहिले जाते तोही पाहत असतो, आणि पाहणाऱ्याची जात, त्याचे हितसंबंध व त्याचा आळस त्याला दिसत असतो. ओडिया साहित्यात फकीरमोहन सेनापती यांनी सुमारे दीड दशकानंतर ‘छ माण आठ गुंठ’ ही कादंबरी लिहिली. तिचे शीर्षकच जमिनीचे माप आहे. भगिया आणि सारिया या विणकर जोडप्याची तेवढीच जमीन जमीनदार मंगराज कायदेशीर कागदांच्या आधारे बळकावतो. स्वतः ओडिशातील संस्थानांच्या कारभारात काम केलेल्या या लेखकाने कागदावरील सत्य आणि गावाला ठाऊक असलेले सत्य यांतील अंतर उपहासाने उघडे केले. फुल्यांचा रोख निबंधकाराचा, सेनापतींचा कादंबरीकाराचा. पण दोघांच्याही लेखनात अधिकृत नोंदीकडे नोंदले गेलेल्यांच्या बाजूने पाहिले आहे.

४. खेडा, १९१८ : चार आण्यांचा वाद

मुंबई इलाख्यातील महसुली नियमांनुसार पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल, तर त्या वर्षाची सारावसुली पूर्णपणे तहकूब करण्याची मागणी शेतकऱ्यांना करता येत असे. १९१७ च्या पावसाळ्याअखेरीस अतिवृष्टीने खेडा जिल्ह्यातील खरीप पिकाचे नुकसान झाले. अधिकाऱ्यांच्या मते पीक चार आण्यांहून अधिक होते. शेतकऱ्यांच्या मते कमी. मोहनलाल पंड्या आणि शंकरलाल परीख यांनी हा प्रश्न हाती घेतला. विठ्ठलभाई पटेल आणि गोकुळदास पारेख यांनी तो कायदेमंडळाच्या पातळीवर नेला. भारत सेवक समाजाच्या सदस्यांनी चौकशी केली, त्यांत अमृतलाल ठक्कर होते. गांधीजी आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले. अखेर २२ मार्च १९१८ रोजी नडियाद येथे सत्याग्रहाला प्रारंभ झाला. आपल्या गावाचे पीक चार आण्यांहून कमी आहे हे आपण जाणतो, या विधानाने शेतकऱ्यांच्या प्रतिज्ञेची सुरुवात होते, ही गोष्ट येथे विशेष महत्त्वाची. ती प्रतिज्ञा विनंतीच्या सुरात नाही; तिच्या मुळाशी ज्ञानाचा दावा आहे.

या वादातील अवघड भाग असा की दोन्ही बाजूंकडे होती ती नजरच. ‘सोळा आणे’ म्हणजे उत्तम पीक की सर्वसाधारण पीक, याविषयीही एकवाक्यता नव्हती. सर्वसाधारण पिकाचे आणे प्रांतोप्रांती निरनिराळे धरले जात. अशा मापपट्टीवर पावणेचार की सव्वाचार हा प्रश्न कोणत्याही एका बाजूला निर्विवादपणे सोडवता येण्याजोगा नव्हता. काहनेमन आणि क्लाइन यांच्या दोन अटी येथे लावून पाहणे उद्बोधक ठरते. शेतकऱ्याला त्याच शेताचा अंदाज दरवर्षी येतो आणि त्याच वर्षी खळ्यावर त्याचा पडताळाही मिळतो; त्याच्या नजरेची तालीम अखंड चालू असते. बदल्यांवर फिरणाऱ्या अधिकाऱ्याला असा पडताळा क्वचितच मिळे. त्याचा अंदाज चुकला तरी ती चूक वसुलीच्या तक्त्यात दिसत नसे, कारण जनावरे विकून किंवा कर्ज काढून भरलेला सारा आणि पिकातून भरलेला सारा तक्त्यात सारखाच दिसतो. उलट पक्षी, अंदाज कमी निघण्यात शेतकऱ्याचा लाभ होता, हेही नाकारता येत नाही. जाणकारी एका बाजूला अधिक आणि निःस्वार्थता दोन्ही बाजूंना अपुरी, अशी ही स्थिती होती.

अशा स्थितीत त्रयस्थ पंच नेमावेत, ही मागणी तर्काला धरून होती. गांधीजींनी आत्मकथेत नोंदवले आहे की सरकारने लोकांची पंच नेमण्याची मागणी म्हणजे जणू राजसत्तेचा अवमान, असे मानले. तहकुबी हा हक्क नसून सरकारची मेहेरबानी आहे, अशीही अधिकृत भूमिका होती. येथे सरकार आपल्या अधिकाऱ्याचा अंदाज अचूक आहे एवढेच म्हणत नव्हते. तो अंदाज तपासण्याचा अधिकार दुसऱ्या कोणालाही नाही, असे ते म्हणत होते. अंतःप्रज्ञेला पदाचा आधार मिळाला की ती ज्ञान न राहता हुकूम होते, याचे इतके स्पष्ट उदाहरण इतिहासात क्वचितच सापडेल. जून १९१८ मध्ये सुस्थितीतील शेतकऱ्यांनी सारा भरावा आणि गरिबांची वसुली तहकूब व्हावी, अशी तडजोड झाली. पीक खरोखर किती आणे होते, या प्रश्नाचा निकाल मात्र लागला नाही.

५. बार्डोली, १९२८ : न पाहिलेले आकडे

दहा वर्षांनी त्याच गुजरातेत याच प्रश्नाची दुसरी बाजू समोर आली. बार्डोली तालुक्याच्या फेरआकारणीत सहायक बंदोबस्त अधिकाऱ्याने सुमारे ३० टक्के वाढ सुचवली आणि सरकारने १९२७ मध्ये ती २२ टक्क्यांवर आणून मंजूर केली. या वाढीचा आधार वरकरणी शास्त्रीय होता : जमिनीच्या खंडाचे आकडे, शेतमालाच्या वाढलेल्या किमती, विक्रीव्यवहार. वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली फेब्रुवारी १९२८ मध्ये सुरू झालेल्या सत्याग्रहाचा मुख्य आक्षेप असा होता की हे आकडे गावात जाऊन, शेतकऱ्यांशी बोलून, तपासून घेतलेले नाहीत. नरहरी परीख यांनी या आकडेवारीची चिकित्सा केली. महादेव देसाई यांच्या ‘द स्टोरी ऑफ बार्डोली’ (१९२९) या ग्रंथात हा सर्व वाद तपशिलाने आला आहे.

खेड्याप्रमाणे येथे चौकशी नाकारता आली नाही. न्यायखात्यातील ब्रूमफिल्ड आणि महसूल खात्यातील मॅक्सवेल यांची समिती नेमली गेली. हे ब्रूमफिल्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा सुनावणारे न्यायाधीश. समितीने गावोगाव जाऊन शेतकऱ्यांच्या साक्षी घेतल्या, खंडाचे व्यवहार एकेक करून पारखले, आणि मूळ आकडेवारी विश्वसनीय नसल्याचा निष्कर्ष काढला. १९२९ च्या अहवालाने सुचवलेली वाढ सहा टक्क्यांच्या आसपास होती.

खेडा आणि बार्डोली ही दोन प्रकरणे राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात एकाच मालिकेतील विजय म्हणून येतात. निर्णयप्रक्रियेच्या इतिहासात मात्र ती परस्परपूरक आहेत. खेड्यात कारणे न देणारी नजर होती. बार्डोलीत नजरेविना उभे केलेले आकडे होते. पहिल्या ठिकाणी सत्याग्रहींनी अधिकाऱ्याच्या अंतःप्रज्ञेला आव्हान दिले, तर दुसऱ्या ठिकाणी प्रत्यक्ष पाहण्याचा आग्रह धरला. या दोन मागण्यांत विसंगती नाही. निर्णय घेणाऱ्याने पाहिलेही पाहिजे आणि काय पाहिले ते सांगितलेही पाहिजे, अशी ती एकच मागणी आहे.

६. यदृच्छेची शिस्त

नजरेची परीक्षा घेण्याचे काम याच सुमारास एका वेगळ्या विद्याशाखेत सुरू झाले होते. बिहार आणि ओडिशा प्रांतातील सनदी अधिकारी जे. ए. हबॅक यांनी १९२३ ते १९२५ या काळात भातपिकाची नमुना-कापणी केली. नमुन्याची जागा माणसाने निवडू नये, ती यदृच्छेने ठरावी, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा होता. १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाचे ऋण आधुनिक संख्याशास्त्राचे एक प्रवर्तक आर. ए. फिशर यांनी मान्य केले आहे. १९३७ पासून प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमध्ये तागाच्या पिकासाठी नमुना-पाहण्या विकसित केल्या. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी विनायक गोविंद पानसे यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह १९४० च्या दशकात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या माध्यमातून गहू व भात यांच्या पीककापणी प्रयोगांना देशव्यापी रूप दिले.

‘जागा माणसाने निवडू नये’ या साध्या नियमामागील विचार सखोल आहे. शेतात उभ्या असलेल्या माणसाला ‘हा भाग सरासरीसारखा दिसतो’ असे वाटते, तेव्हा त्याच्या नकळत त्याची नजर कोणत्या तरी बाजूला झुकलेली असते. त्यात लबाडी असेलच असे नाही; पाहणे म्हणजेच निवडणे. म्हणून अनुभवी माणसाची नजर जेथे सर्वांत अधिक कामाची वाटते, त्या जागानिवडीच्या क्षणीच या शास्त्राने तिला बाजूला सारले.

परंतु नजर आणि हात पूर्णपणे बाजूला सारता येत नाहीत, हेही याच शास्त्राने दाखवून दिले. सुखात्मे यांनी १९४६ साली ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या टिपणात कापणीचे तुकडे फार लहान असतील तर उत्पादन प्रत्यक्षाहून अधिक दिसते, असे मांडले. कारण सोपे होते. तुकडा जितका लहान तितकी क्षेत्राच्या मानाने त्याची कड मोठी, आणि कडेवरचे रोप आत धरावे की बाहेर, हा निर्णय कापणाऱ्याचा. तो बहुधा आत धरतो. लहान तुकड्यांचा वापर करणाऱ्या महालनोबिस यांच्या पद्धतीशी सुखात्मे यांचा जो मतभेद झाला, त्यात हा मुद्दा कळीचा होता. सूत्रांनी बांधलेल्या पद्धतीतही विळा हातात असलेल्या मजुराचा एक क्षणिक, न सांगता येणारा निर्णय शिल्लक राहतो आणि तो देशाच्या धान्य-उत्पादनाच्या आकड्यापर्यंत जाऊन पोहोचतो.

७. पैसेवारी आणि पंचनामा

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि सोळा आण्यांच्या जागी शंभर पैसे आले. आणेवारीची पैसेवारी झाली. महाराष्ट्रात पैसेवारी पन्नास पैशांहून कमी म्हणजे टंचाईची स्थिती, हा संकेत ग्रामीण जीवनाचा भाग झाला. हंगामात ती टप्प्याटप्प्याने जाहीर होते : प्रथम नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. यांतील ‘नजरअंदाज’ या शब्दापाशी तुलनाकाराने क्षणभर थांबावयास हवे. हिंदी-उर्दूत ‘नज़रअंदाज़ करना’ म्हणजे दुर्लक्ष करणे, दृष्टीआड करणे. मराठी महसुली भाषेत तोच सामासिक शब्द नेमक्या विरुद्ध, म्हणजे पाहून केलेल्या अंदाजाच्या अर्थाने येतो. पाहणी झालीच नाही, पैसेवारी कचेरीत बसून लावली, ही शेतकऱ्यांची नित्याची तक्रार ध्यानात घेतली, तर या एका शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच शेतात भेटतात, असे म्हणावे लागते.

पैसेवारीच्या शेजारीच ‘पंचनामा’ हा दुसरा कागद उभा आहे. पैसेवारी केवळ आकडा देते. पंचनाम्यात कोणी, कोठे, कधी आणि काय पाहिले हे क्रमाने लिहिले जाते आणि खाली पंचांच्या सह्या असतात. नजर आणि भाषा यांची सांगड घालणारा तो एक लेखनप्रकार आहे. त्याची भाषा साचेबंद असते, पुष्कळदा तो घाईने उरकला जातो. तरीही पाहणाऱ्याला साक्षीदारांसमोर उभे करून त्याच्याकडून पाहिलेले वदवून घेणे, हा त्या प्रकाराचा मूळ हेतू आहे. खेड्यातील शेतकऱ्यांनी जे मागितले, ते साहित्यप्रकाराच्या परिभाषेत सांगावयाचे तर आकड्याऐवजी पंचनामा होते.

२०१६ साली केंद्र सरकारची दुष्काळ व्यवस्थापन संहिता सुधारली आणि दुष्काळाच्या निकषांत पर्जन्यमान, उपग्रहाधारित वनस्पती-निर्देशांक, जमिनीतील ओलावा व जलसाठे यांना प्राधान्य मिळाले. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये ही चौकट स्वीकारली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये तिच्या आधारे १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. पुढे त्या तालुक्यांबाहेरील महसुली मंडळांचाही विचार करणे शासनाला भाग पडले. याच चौकटीत निर्देशांकांच्या खातरजमेसाठी प्रत्यक्ष शेतपाहणी आवश्यक ठरवलेली आहे. २०१६ च्याच प्रधानमंत्री पीकविमा योजनेतही उत्पादनाचा आधार म्हणून पीककापणी प्रयोग घेतले गेले. आणि पैसेवारी जाहीर करण्याची रीत राज्यात त्यानंतरही चालू राहिली. उपग्रहाची प्रतिमा कितीही सूक्ष्म असली, तरी ती खरी आहे का हे सांगावयास शेवटी कोणी तरी बांधावर जावे लागते.

८. समारोप

उपरोक्त इतिहासावरून अंतःप्रज्ञा आणि गणित यांना परस्परविरोधी मानण्याची प्रथा अपुरी ठरते. प्रिंगल यांच्या गणिताला खोट्या नजरेने बुडवले. विंगेट यांनी नजरेला खुणांची लिपी दिली, पण वरिष्ठांची नजर त्या लिपीबाहेर ठेवली. खेड्यात त्या मोकळ्या नजरेला जाब विचारला गेला. बार्डोलीत न पाहता मांडलेल्या आकड्यांना. आणि नमुना-कापणीच्या शास्त्राने जाणकाराच्या नजरेलाही तिची मर्यादा दाखवली. अनुभवातून आलेली ओळख ही कारभाराची गरज आहे. ती नसेल तर नियम लागू करावयाचा कोठे, हेच कळत नाही. परंतु ती ओळख दुसऱ्याच्या आयुष्याचा निकाल लावणार असेल, तर तिने प्रत्यक्ष जागेवर हजर असले पाहिजे, आपले म्हणणे शब्दांत मांडले पाहिजे आणि परताळ्याला तयार असले पाहिजे.

भर्तृहरीच्या रत्नपारख्याला आपली पारख समजावून सांगण्याचे बंधन नव्हते, कारण चुकीची किंमत त्यालाच मोजावी लागत होती. शेतात उभ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या चुकीची किंमत शेतकरी मोजतो. सांगता न येणारे ज्ञान सांगण्याचा आग्रह कारभाराने का धरावा, याचे कारण या फरकात आहे. आणेवारीच्या इतिहासात हा आग्रह अधिकाऱ्यांपेक्षा अधिक सातत्याने धरला तो ज्यांचे पीक पाहिले जात होते त्यांनी. कार्यालयीन निर्णयाच्या इतिहासलेखनात त्यांची नोंद केवळ ‘रयत’ म्हणून न होता चिकित्सक म्हणून होणे आवश्यक आहे.